पियानोचा सूर थांबत नाही तेव्हा

भोपाळ शहराच्या दक्षिण भागातून कोलार धरणाच्या दिशेने जाणाऱ्या कोलार रोडवर माझी धाकटी बहीण गेली कित्येक वर्षे राहते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मडगावच्या घरातला पाच फुटी ग्रँड पियानो मी तिच्या मुलीसाठी ट्रकने तिकडे पाठवला. इथे तो वाजवणारे कोणी उरले नव्हते आणि भाची तिकडे मन लावून शिकत होती. गेल्या मे महिन्याच्या आरंभी बहिणीचा फोन आला. “दादा, पियानो बिघडला. पट्टी सोडली तरी सूर थांबतच नाहीत, आवाज एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, इसका तो पूरा नमदा बदलेगा.” नमदा बदलण्याचा जो आकडा तिने सांगितला, तो मी पंधरा वर्षांपूर्वी ते वाद्य ज्या किमतीला घेतले होते तिच्याहून अधिक होता. घरात विचार जवळपास ठरला होता की हे धूड विकून टाकावे आणि मुलीला विजेवर चालणारा कीबोर्ड घेऊन द्यावा. तिची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी येईपर्यंत कोणालाही वाद्याला हात लावू देऊ नकोस, एवढे सांगून मी तिकीट काढले.

भोपाळात जे आढळले ते गोमंतकातील वाचकांपुढे मांडावेसे वाटले, कारण आपल्याकडे सासष्टी, बार्देश आणि तिसवाडीतील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत अजूनही बरेच पियानो उभे आहेत आणि त्यांतील कित्येक ‘सूर वाहतो’ या एकाच तक्रारीवरून निकालात काढले जातात. मग कोणी तरी येऊन ते जुन्या फर्निचरच्या भावाने घेऊन जातो. वास्तविक सूर न थांबणे हा बहुतेक वेळा पियानोच्या मरणाचा नव्हे, तर डॅम्पर नावाच्या एका छोट्या भागाच्या तक्रारीचा पुरावा असतो. आणि त्या तक्रारीचे मूळ नमद्यात क्वचितच असते.

डॅम्पर म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी स्वरमंडळ किंवा संतूर डोळ्यांसमोर आणावे. या वाद्यांत तार एकदा छेडली की ती आपोआप विरेपर्यंत वाजत राहते आणि तो रेंगाळणारा नाद हेच त्यांचे सौंदर्य असते. पियानोही मुळात हातोड्यांनी तारा वाजवणारे वाद्य आहे. त्यात सव्वादोनशेच्या आसपास पोलादी तारा एका ओतीव लोखंडी चौकटीवर ताणलेल्या असतात आणि त्यांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. एवढ्या ताणलेल्या तारा मोकळ्या सोडल्या तर चार सुरांनंतर काहीच स्पष्ट ऐकू येणार नाही. म्हणून प्रत्येक सुराच्या तारांवर लोकरीच्या घट्ट नमद्याची एक गादी टेकवलेली असते. पट्टी दाबली की ती गादी वर उचलली जाते, हातोडी तारेवर आदळते, सूर उमटतो. पट्टी सोडली की गादी परत तारेवर बसते आणि सूर तोडते. ही गादी आणि तिला धरणारे लाकडी डोके मिळून डॅम्पर होतो. हार्मोनियमला याची गरज नाही, कारण तिथे हवा बंद झाली की पात बोलायचे थांबते. पियानोत मात्र सूर काढण्याइतकेच सूर संपवण्याचे यंत्र महत्त्वाचे आहे. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास पहिले पियानो घडवले, तेव्हापासून डॅम्पर या वाद्यात आहे.

उजव्या पायाखालचे पेडल दाबले की सगळे डॅम्पर एकदम वर उचलले जातात आणि पियानो क्षणभर संतूर होतो. इतकेच नव्हे, न वाजवलेल्या तारादेखील सतारीच्या तरफांसारख्या आपापल्या सुराला प्रतिसाद देऊ लागतात. बेटोव्हेनच्या १८०२ मध्ये छापल्या गेलेल्या ‘मूनलाइट’ सोनाटाच्या पहिल्या भागावर तो सबंध भाग डॅम्परविना वाजवावा अशी सूचना आहे. त्या काळच्या पियानोंचा नाद लवकर विरत असे, म्हणून ते शोभून जाई. आजच्या ग्रँडवर ती सूचना अक्षरशः पाळली तर काय होते, हे माझ्या भाचीच्या बिघडलेल्या पियानोवर न मागता ऐकायला मिळाले.

आता ग्रँडमधील रचना. त्यात तारा आडव्या असतात आणि डॅम्पर त्यांच्यावर वरून, निव्वळ स्वतःच्या वजनाने बसतो. भिंतीला लागून उभ्या राहणाऱ्या अपराइट पियानोत तारा उभ्या असल्याने स्प्रिंग डॅम्परला तारेवर दाबून धरते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ग्रँडच्या डॅम्परला खाली आणणारी शक्ती म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षण. वाटेत जरासे जरी घर्षण झाले तरी तो आळसावतो. डॅम्परच्या डोक्यातून एक बारीक तार सरळ खाली जाते. ती तारांच्या मधून, एका लाकडी आडदांडीतील भोकातून पार होते आणि खाली एका हलत्या लाकडी दांडीच्या ठोकळ्यात छोट्या स्क्रूने पकडलेली असते. आडदांडीतील त्या भोकाला आतून लोकरी कापडाचे अस्तर असते, म्हणजे तार खडखडत नाही. पट्टीचे मागचे टोक त्या हलत्या दांडीला खालून उचलते. शिवाय सगळ्या दांड्यांच्या खाली एक लांब फळी असते. पेडल दाबले की ती फळी सर्वांना एकाच वेळी वर ढकलते.

गाद्याही सर्वत्र एकसारख्या नसतात. खर्जात, जिथे एका सुराला दोन जाड तारा असतात, तिथे नमद्याची पाचर दोन तारांच्या मध्ये शिरते. तीन तारांच्या सुरांना मध्यसप्तकाच्या आसपास दुहेरी पाचर असते आणि वरच्या सुरांना सपाट गादी पुरते. शेवटच्या वीस-एक सुरांना डॅम्परच नसतो; त्या आखूड तारांचा नाद आपणहून इतका चटकन विरतो की त्याची आवश्यकता भासत नाही. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या पियानोत त्यामुळे सुमारे सत्तरच डॅम्पर असतात. अनेक जण सर्वांत वरचे सूर ‘थांबत नाहीत’ म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावतात, तेव्हा तो बिचारा काय दुरुस्त करणार?

मी कोलार रोडला पोचलो तेव्हा भर दुपार होती. हा रस्ता गेल्या काही वर्षांत रुंद होऊन सहापदरी झाला आहे आणि त्या कामाची धूळ कित्येक महिने आजूबाजूच्या घरांत शिरत राहिली होती. पियानोच्या तारांखाली तिचा पातळ थर दिसत होता. बाहेर पारा चाळिशीच्या पार गेलेला. भाचीने एक सोपी रचना वाजवून दाखवली आणि तक्रार खरी असल्याचे पटले. डाव्या बाजूचे सूर थोडे रेंगाळत होते, उजव्या बाजूचे तर चक्क वाहत होते.

अशा वेळी पहिली चूक होते ती थेट नमद्याला दोषी धरण्याची. नमदा वरून दिसतो, तो जुना आणि काळवंडलेला असतो, आणि नवा नमदा विकणाऱ्याला त्यात नफाही असतो. खरे तर आधी एवढेच पाहायचे असते की दोष सगळ्या सुरांत आहे, काही शेजारच्या सुरांत आहे की एकट्यादुकट्या सुरात. सगळ्या सुरांत असेल तर सत्तर गाद्या एकाच महिन्यात खराब झाल्या असे मानण्यापेक्षा, त्या सर्वांना जोडणारी एकच गोष्ट, म्हणजे पेडल आणि ती लांब फळी, तपासणे शहाणपणाचे.

मी खाली बसून उजवे पेडल हाताने सावकाश दाबले. पेडल खाली जाऊ लागल्यापासून डॅम्पर हलेपर्यंत किंचित मोकळा प्रवास असायला हवा. काही मिलिमीटर पुरेत. इथे तो अजिबात नव्हता. याचा अर्थ फळी पायाचा स्पर्श नसतानाही डॅम्परना थोडीशी वर धरून होती आणि त्यांचे पूर्ण वजन तारांवर पडतच नव्हते. ट्रकने पाठवताना पियानोचे पाय आणि पेडलची चौकट काढावी लागते. भोपाळात ती पुन्हा बसवणाऱ्याने पेडलच्या दांड्यावरची चाकी जास्त आवळली होती. ती अर्धा-पाऊण फेरा सैल करताच डाव्या बाजूचे रेंगाळणे थांबले. या दुरुस्तीला पाच मिनिटे लागली आणि एक पैसाही नाही. घरच्या माणसाने स्वतः करावी अशी ही जवळपास एकमेव दुरुस्ती आहे.

त्याच वेळी दुसरी गोष्ट पाहून घ्यावी. झाकण उघडे ठेवून पेडल अगदी हळू दाबले की डॅम्परची डोकी एकाच क्षणी, एका ओळीत वर यायला हवीत. कवायतीत एखादा शिपाई आधी पाऊल उचलतो तसा एखादा आधी उठला किंवा मागे राहिला तर तो डोळ्यांत भरतो. मधले पेडल असलेल्या पियानोत त्या पेडलचा दांडा नीट मागे फिरला नाही तर एखाद-दुसरा डॅम्पर वरच अडकून राहतो. मधले पेडल दोन-तीनदा दाबून सोडले की बहुधा सुटतो.

उजव्या बाजूचे सूर मात्र अजून वाहत होते. आता एकेक सूर घ्यायचा. पट्टी तोडून वाजवायची आणि डॅम्परकडे पाहायचे, कानाने ऐकायच्याही आधी. दोन अगदी भिन्न गोष्टी घडू शकतात. एक तर डॅम्पर खाली येतच नाही किंवा सुस्तावल्यासारखा येतो. नाही तर तो वेळेवर खाली येतो, तारेवर बसतो आणि तरीही सूर चालू राहतो. पहिला दोष घर्षणाचा, दुसरा बैठकीचा. उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, आणि सगळा नमदा बदलण्याचा उपाय पहिल्या दोषाला मुळीच लागू पडत नाही.

आमच्याकडे नऊ डॅम्पर सुस्त होते. घर्षण कुठे आहे ते ठरवण्याची एक साधी युक्ती आहे. आधी पट्टी दाबून सोडायची आणि डॅम्पर कसा पडतो ते पाहायचे. मग पट्टीला स्पर्श न करता पेडलने तोच डॅम्पर उचलायचा आणि पेडल सोडायचे. पेडलने उचलल्यावर तो झटकन पडत असेल, पण पट्टीने उचलल्यावर रेंगाळत असेल, तर डॅम्पर निर्दोष आहे. पट्टीच लाकूड फुगल्याने अडकते आहे आणि तिचे मागचे टोक खाली येत नाही. दोन्ही वेळा रेंगाळत असेल तर घर्षण डॅम्परच्याच वाटेवर, बहुधा त्या अस्तर लावलेल्या भोकात, नाही तर खालच्या दांडीच्या खिळीपाशी असते. आमचे नऊच्या नऊ दोन्ही वेळा रेंगाळत होते.

इथे मी चक्रावलो. अस्तर फुगते ते दमटपणाने. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते आणि हा प्रकार घरोघरी होतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. पण भोपाळचा मे महिना म्हणजे कोरडा ठाक. दुपारी आर्द्रता पंचवीस टक्क्यांखाली उतरते. अशा हवेत अस्तर आक्रसायला हवे, तारा भोकात सैल होऊन खडखडायला हव्यात. मग हे उलटे कसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तपासले तेव्हा सुस्त डॅम्पर दोनच उरले होते. दुपारी चारला पुन्हा नऊ झाले. उत्तर उजवीकडच्या खिडकीत घुमत होते. वाळ्याच्या पडद्यांचा कूलर! मध्य भारतात उन्हाळा त्याच्यावाचून निभत नाही. पाण्याने थबथबलेल्या पडद्यांतून खेचलेली हवा तो खोलीत सोडतो, आणि ती ओली हवा सरळ उघड्या पियानोच्या उजव्या भागावर येत होती. तिथले डॅम्पर आधीच वजनाने हलके; खर्जातले जड डॅम्पर थोडे घर्षण सोसूनही खाली येतात, हे येत नव्हते. रात्री कूलर बंद झाला की कोरडी हवा सकाळपर्यंत अस्तरे वाळवून टाकी, दुपारी ती पुन्हा ओली होत. आमच्या घरी जे चक्र वर्षातून एकदा फिरते, ते इथे रोज फिरत होते.

दोन दिवस त्या खोलीतला कूलर बंद ठेवला. मे महिन्याच्या भोपाळात ही सोपी गोष्ट नाही. घरातल्यांनी मला काय म्हटले असेल ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी नवांपैकी सात डॅम्पर कोणाचाही हात न लागता धडधाकट झाले.

इथे माझीच एक जुनी चूक सांगणे भाग आहे. हा पियानो मडगावात असताना एका पावसाळ्यात असेच दोन डॅम्पर सुस्तावले होते. तंत्रज्ञ मिळेना, तेव्हा मी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-दोन थेंब त्या भोकांत सोडले. दोन दिवस ते सुरेख चालले. मग अस्तराने तेल पिऊन घेतले, ते फुगले आणि चिकट झाले. तेल तारेवरून वर चढून गादीपर्यंत पोचले आणि गादी तारेला चिकटून सुटताना ‘चट्’ असा आवाज करू लागली. शेवटी दोन्ही भोकांचे अस्तर आणि दोन्ही गाद्या बदलाव्या लागल्या. लोकर आणि तेल यांचे हाडवैर आहे. गंज काढण्याच्या फवाऱ्याचेही तेच. नमद्याला बोटदेखील लावू नये, कारण बोटावरचा घाम आणि स्निग्धपणाही त्याला पुरतो.

दुसरी चूकही माझ्याच आग्रहाने झाली होती. दुसऱ्या एका वर्षी ऐन जुलैत तंत्रज्ञाला बोलावून फुगलेली भोके मी मोठी करवून घेतली. तो ‘पाऊस संपू द्या’ म्हणत होता, मी ऐकले नाही. नोव्हेंबरात अस्तरे वाळली आणि त्या तारा भोकांत डुगडुगू लागल्या. पियानोच्या बाबतीत मोजमाप कोणत्या ऋतूत घेतले याला मोजमापाइतकेच महत्त्व असते.

उरलेले दोन डॅम्पर बैठकीच्या दोषाचे होते. ते वेळेवर खाली येत, तरी सूर चालू राहत असे. अशा वेळी त्या सुराच्या तिन्ही तारा एकेक करून दातकोरणीच्या टोकाने हलकेच छेडाव्यात. तिन्ही वाजत राहिल्या तर डॅम्पर पुरता टेकत नाही; एकच वाजत राहिली तर तेवढ्याच तारेला गादी स्पर्श करत नाही. पहिल्या डॅम्परमध्ये डावीकडची एकच तार बोलत होती. निरखून पाहिले तर डॅम्परचे डोके तारांच्या रेषेत नव्हते. आगगाडीच्या खिडकीतून मान काढून पाहावे तसे थोडे वळलेले होते. ठोकळ्यातला स्क्रू ढिला पडला होता. गोव्याच्या हवेत मुरलेले लाकूड कोरड्या हवेत आक्रसते, त्यातच ट्रकचे हादरे. असे स्क्रू ढिले होणे अपेक्षितच असते. दुसऱ्या डॅम्परची गादी एका टोकाला डोक्यापासून सुटली होती, कारण जुना सरस कोरडा पडून कडकला होता. सत्तरांपैकी नमद्याची खरी तक्रार निघाली ती या एकाची.

ही दोन कामे घरी करण्याची नव्हेत. स्क्रूपर्यंत पोचायचे तर पट्ट्यांसकट हातोड्यांची सबंध यंत्रणा कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढावी लागते, आणि ओढताना एखादी पट्टी चुकून दाबली गेली तर वर उठलेली हातोडी चौकटीला अडकून तिची दांडी मोडते. उत्साही माणसांनी अशा डझनभर हातोड्या एका झटक्यात मोडल्याची उदाहरणे तंत्रज्ञांकडून ऐकायला मिळतात. शिवाय डॅम्परची तार वाकवून बैठक जुळवणे हे हातात मुरलेले कसब आहे. डोके तारांना समांतर बसले पाहिजे, सरळ वर उठले पाहिजे, उठताना मान वळवता कामा नये, आणि पट्टी साधारण अर्ध्यावर गेली की उठायला लागले पाहिजे. त्याआधी उठले तर पट्टी जड लागते, नंतर उठले तर जलद वादनात सूर गुदमरतो. एक तार केसभर वाकवली की यांतले काही तरी बदलतेच. सगळा संच नव्याने बसवायचा म्हणजे हे सत्तर वेळा करायचे. म्हणूनच ‘पूरा नमदा’ बदलण्याचा खर्च मोठा असतो, आणि म्हणूनच गरज नसताना तो करू नये. चांगल्या बसलेल्या जुन्या गाद्या काढून हलक्या हाताने बसवलेल्या नव्या गाद्या आणणे हा व्यवहार तोट्याचा ठरतो.

गाद्या खरोखर बदलाव्यात अशी वेळ येत नाही असे नाही. नमदा दगडासारखा कडक झाला, त्यात तारांचे खोल चर पडले, आणि डॅम्पर खाली येताना खर्जातल्या तारांवर ‘झिर्र’ असा आवाज होऊ लागला की काळ जवळ आला असे समजावे. गोव्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कसर. बंद पडून राहिलेल्या पियानोतील लोकर खाऊन ती गाद्यांचे पीठ करते. रोज वाजणाऱ्या आणि अधूनमधून उघड्या राहणाऱ्या वाद्याला तिचा त्रास कमी होतो. कडक झालेला पण शाबूत असलेला नमदा तंत्रज्ञ सुईने विंचरून काही वर्षे पुढे नेऊ शकतो. दर वेळी नवाच घालावा लागतो असे नव्हे.

एका संध्याकाळी भाचीला घेऊन भारत भवनात गेलो. मोठ्या तलावाच्या काठी उतरत जाणाऱ्या गच्च्या आणि उघडी प्रांगणे पाहताना मांडवीकाठची कला अकादमी आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्ही वास्तू चार्ल्स कोरिया यांच्या. भोपाळची १९८२ ची, पणजीची १९८३ ची. एकाच माणसाने दोन निराळ्या हवांना दारे उघडी ठेवून घेतले आणि ते शोभूनही दिसते. लाकूड आणि लोकर यांच्या वाद्याला तशी सोय नाही. त्याला कोरडी हवा चालते, बऱ्यापैकी दमटही चालते. सोसत नाही ते सतत बदलणे. चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता शक्य तितकी स्थिर ठेवावी, एवढेच पथ्य. काही शे रुपयांना मिळणारे आर्द्रतामापक पियानोजवळ टांगले तर महिन्याभरात आपल्या घराचा स्वभाव कळतो. पावसाळ्यात आपल्याकडे दिवाणखान्याच्या खिडक्या दिवसभर उघड्या टाकण्याची जी सवय आहे, ती पियानो असलेल्या खोलीपुरती तरी सोडावी. बाहेरच्या भिंतीपासून वाद्य हातभर दूर ठेवावे. कूलरच्या किंवा एसीच्या झोतात तर कधीच ठेवू नये.

बहिणीच्या घरी पियानो आता आतल्या भिंतीकडे सरकवला आहे आणि कूलरचे तोंड दुसऱ्या खोलीकडे वळवले आहे. तारांखालची धूळ मऊ ब्रशने सावकाश काढली. व्हॅक्यूम क्लीनरची नळी डॅम्परच्या जवळ नेऊ दिली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, बाहेरगावाहून एक तंत्रज्ञ येऊन गेले. ढिला स्क्रू आवळला, एक गादी नव्याने चिकटवली, इतर सगळे स्क्रू तपासले. अर्ध्या दिवसाचे काम. पहिल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या तुलनेत त्यांनी जे घेतले ते सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

जुलैत भाचीची परीक्षा झाली. त्याच सुमारास पावसाने जोर धरला आणि मापकाचा काटा अठ्ठ्याहत्तरवर गेला, तेव्हा उजवीकडचा एक डॅम्पर पुन्हा थोडा रेंगाळू लागल्याचे तिने कळवले. तिने दोन्ही कसोट्या स्वतः करून पाहिल्या होत्या. दोष भोकातच होता. तंत्रज्ञांना फोन केला तर ते म्हणाले, आत्ता त्याला हात लावायचा नाही, दसऱ्यानंतर हवा वाळली की बघू.